हौसेला मोल नाही, डेटाला आहे

कोणी सांगितलेले नसताना, कोणी पैसे देत नसताना आणि बहुधा कोणी ऐकतही नसताना इंटरनेटवर दर आठवड्याला काहीतरी करण्याचा संकल्प सोडणारा मनुष्य म्हणजे हौशी डिजिटल कलावंत. दिवसा तो बँकेत, शाळेत, आयटी कंपनीत किंवा जिल्हा परिषदेत नोकरी करतो. कलानिर्मिती चालते ती रात्री जेवणे आटोपल्यावर आणि रविवारी दुपारी. वयाची अट नाही. कॉलेजातल्या पोरापासून ‘आता मी मोकळा’ असे घरात जाहीर करणाऱ्या निवृत्त गृहस्थांपर्यंत सगळे या जमातीत मोडतात. स्त्रियाही आहेत, पण त्या हाती घेतलेले काम पुरे करतात, त्यामुळे विनोदी लेखाला त्यांचा फारसा उपयोग नाही.

महाराष्ट्राला ही जमात नवी नाही. गणपतीच्या मांडवात नाटक बसवणारे, राज्य नाट्य स्पर्धेच्या तालमीला नायिकेचा बाप आला नाही म्हणून स्वतःच खुर्चीला बाप मानून संवाद म्हणणारे, कचेरीत हस्तलिखित काढून ते साहेबांच्या टेबलावर दोन महिने अडकवून ठेवणारे, हे सगळे तिचे पूर्वज. १९५०च्या दशकात दिलीप चित्रे, अरुण कोलटकर अशा तरुण कवींनी ‘शब्द’ हे लघुअनियतकालिक सायक्लोस्टाइल करून काढले. आपण अनियमित आहोत हे ती मंडळी निदान उघड मान्य करत. आजचा हौशी ‘दर रविवारी नवीन लेख’ अशी पाटी लावतो आणि पहिल्याच रविवारी मावशीकडे बारशाला जातो. जुन्या हौशीला आणखी एक सोय होती. कागद, शाई, टपाल आणि हॉलचे भाडे यांचा खर्च वाढत गेला की घरचे हिशेब विचारत आणि हौस आपोआप आवरत असे. इंटरनेटने सगळे फुकट केले आणि हा आवर काढून टाकला. आवर गेला तो साधारण ब्लॉगच्या काळात.

ब्लॉगर ही सेवा पायरा लॅब्ज नावाच्या छोट्या अमेरिकी कंपनीने १९९९ मध्ये सुरू केली, गूगलने ती २००३ मध्ये विकत घेतली आणि त्याच वर्षी वर्डप्रेसही आले. मराठी माणसाच्या हाती हे साधन पडले तेव्हा त्याच्यापुढे पहिला प्रश्न ‘काय लिहावे’ हा नव्हता, ‘कशाने लिहावे’ हा होता. त्या काळी प्रत्येक मराठी संकेतस्थळाचा फॉन्ट वेगळा असे. तो आपल्या संगणकावर नसला की अग्रलेखाच्या जागी डॉलर, टक्के आणि उलटे स्वल्पविराम यांची रांगोळी दिसे. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून होती, पण ती विंडोज एक्सपीवर नीट दिसावी यासाठी कंट्रोल पॅनेलमधल्या एका चौकोनात खूण करावी लागे. खूण केली की संगणक विंडोजची मूळ सीडी मागे. मूळ सीडी महाराष्ट्रात फार थोड्या घरांत होती. बाकीच्यांची विंडोज ज्या गल्लीतल्या पोराने टाकून दिलेली असे, त्याला बोलवावे लागे. तो चहा पिऊन सीडी घालून जाई आणि अशा रीतीने त्या घरात मराठी साहित्याची पहाट होई.

पुढचा अडथळा ‘ऱ्य’चा. रोमन कळांवर बोटे चालवून मराठी उमटवताना ‘वाऱ्यावर’ लिहायला जावे तर पडद्यावर ‘वार्यावर’ येई. ‘दुसऱ्या’, ‘बऱ्याच’, ‘अपुऱ्या’ यांची तीच गत. यासाठी नुक्ता असलेला र, मग हलन्त, मग य, अशी वेगळी वाट धरावी लागते. ती ठाऊक होईपर्यंत कित्येकांनी ‘दुसऱ्या दिवशी’ऐवजी ‘पुढच्या दिवशी’ लिहून वेळ मारून नेली. त्या काळच्या मराठी ब्लॉगांवर वाऱ्याचे वर्णन कमी आणि पावसाचे जास्त का आढळते, याचे एक कारण हेही असू शकेल.

लिहिण्याआधी नाव आणि सजावट. नाव बहुधा मनाशी निगडित असे: मनातले, मनाचे, मनापासून, मनमोकळे. मन संपले की स्पंदने, स्पंदने संपली की ‘उगाचच’. माथ्यावर सूर्यास्त किंवा दौत आणि टाक. हौशी लेखकाने आयुष्यात टाक हातात धरलेला नसतो, पण बॉलपेनचे चित्र लावले तर साहित्य वाटत नाही. कडेच्या पट्टीत घड्याळ, पंचांग, टिचकी मारली की खाण्याकडे धावणारे मासे, आणि कोणत्या देशातून किती वाचक आले हे झेंड्यांसकट सांगणारा फलक. या फलकावर फिनलंडचा झेंडा उगवला की घरात पेढे वाटण्याइतका आनंद होई. फिनलंडहून आलेला तो वाचक म्हणजे पाने चाळत फिरणारे एखादे यंत्र असणार, हे सांगून त्या आनंदात बिब्बा घालणे कोणाला बरे वाटले असते? ब्लॉगरमध्ये ‘माझ्या स्वतःच्या भेटी मोजू नका’ असा पर्याय होता. तो निवडला की आकडा धाडकन खाली येई, म्हणून बहुतेकांनी तो निवडला नाही.

लेखनाचा क्रम जवळपास ठरलेला. पहिल्या लेखात ‘बरेच दिवस लिहायचे मनात होते’. दुसऱ्यात आजोळ. तिसऱ्यात पाऊस. चौथ्यात पुण्याची वाहतूक, आणि लेखक पुण्यात राहत नसेल तर पुण्याच्या पाट्या. मग मोठी शांतता. त्यानंतर सहा-आठ महिन्यांनी ‘कामाच्या व्यापात लिहिणे झाले नाही, आता मात्र नियमित लिहीन’ अशी घोषणा येते आणि ती बहुधा त्या ब्लॉगवरची शेवटची नोंद असते. हा केवळ मराठी गुण नाही. टेक्नोराती या ब्लॉगांची मोजदाद ठेवणाऱ्या कंपनीने २००८ मध्ये सांगितले होते, की तिच्या नोंदीतल्या १३ कोटी ३० लाख ब्लॉगांपैकी मागच्या १२० दिवसांत काही नवे लिहिलेले ब्लॉग फक्त ७४ लाख होते. म्हणजे शंभरातले चौऱ्याण्णव जण आजोळ आणि पाऊस लिहून थांबले होते, आपापल्या भाषेत.

उरलेल्यांनी मात्र मोठे काम केले, हे इथेच नोंदवणे बरे. सह्याद्रीतल्या आडबाजूच्या गडावर टाक्यातले पाणी पिण्याजोगे कोणत्या महिन्यापर्यंत राहते, खालच्या गावातून वाट दाखवायला कोण येते, शेवटची एसटी किती वाजता सुटते, ही माहिती कोणत्याही सरकारी पुस्तिकेत नव्हती. ती गुडघे फोडून घेतलेल्या हौशी गिर्यारोहकांच्या ब्लॉगांवर होती. घरच्या पाककृतींचेही तेच. ‘अंदाजाने मीठ’ याच्यापुढे कधीही न गेलेल्या आज्यांकडून चमच्यांची मापे वदवून घेण्याचे श्रेय अमेरिकेत आणि आखातात राहणाऱ्या मराठी लेकी-सुनांना जाते. स्टार माझा वाहिनीने ‘ब्लॉग माझा’ नावाची स्पर्धाही घेतली. तिच्यात नाव आलेल्यांच्या कडेच्या पट्टीत मासे गेले आणि सन्मानचिन्ह आले.

ब्लॉगनंतर पॉडकास्ट. जगात हे प्रकरण २००४ च्या सुमारास सुरू झाले, आणि जून २००५ मध्ये ॲपलने आयट्यून्समध्ये त्याला जागा दिल्यावर ते पसरले. मराठी घरात ते शिरायला मात्र दोन गोष्टी घडाव्या लागल्या. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यावर डेटा स्वस्त झाला, आणि २०२० मध्ये टाळेबंदी लागून सगळा महाराष्ट्र घरात बसला. त्याच सुमारास अँकर नावाच्या ॲपवरून फोनवरच ध्वनिमुद्रण करून ते फुकटात जगभर पाठवता येत होते. स्पॉटिफायने ते ॲप २०१९ मध्येच विकत घेतले होते. घरात बसलेला मनुष्य, फुकट ॲप आणि संपलेली वेब सिरीज, एवढे भांडवल पुरेसे ठरले.

हौशी पॉडकास्टरच्या आयुष्यातला सर्वांत सुखाचा काळ म्हणजे काहीही मुद्रित करण्याआधीचा. या काळात तो माइकचा अभ्यास करतो. माइक मुख्यतः दोन जातींचे. कंडेन्सर हा फार हळवा, खोलीतली बारीकशी हालचालही टिपणारा. डायनॅमिक हा तोंडाजवळचे तेवढे ऐकणारा. मराठी वस्तीत राहणाऱ्याने दुसरा घ्यावा, हे एका वाक्यात सांगता येते. पण हौशी माणूस तीन आठवडे परदेशी व्हिडिओ पाहून पहिला घेतो, कारण त्या व्हिडिओतल्या माणसाचा आवाज रेशमी असतो. तो माणूस कॅनडातल्या जंगलात राहतो आणि त्याच्या वरच्या मजल्यावर खलबत्ता नाही, ही बाब व्हिडिओत आलेली नसते.

कंडेन्सर माइक सदनिकेत लावला की आपल्या घरात किती आवाज आहेत याचा पहिल्यांदा साक्षात्कार होतो. पंखा हा सगळ्यांचा धनी. तो बंद केला की घड्याळ ऐकू येते. घड्याळाचा सेल काढला की फ्रिज. फ्रिजचा खटका बंद केला की आईचा आवाज, ‘फ्रिज कोणी बंद केला?’ त्यातून सुटका झाली तर शेजारच्या कुकरची शिट्टी, भंगारवाल्याच्या गाडीवरची ध्वनिफीत, आणि लिफ्टचे दार उघडे राहिल्याचे सांगणारी ती बाई. रात्री दोन वाजता शांतता असेल अशी कल्पना असते, पण त्या वेळी कुत्र्यांची सभा भरते आणि गुरख्याची काठी आपटते. शेवटी बरेच जण कपड्यांच्या कपाटाला शरण जातात. हा उपाय शास्त्रशुद्ध आहे. भिंतीवरून परतणारा आवाज जाड कापड शोषून घेते, त्यामुळे पैठण्या आणि गोधड्या यांच्यात डोके खुपसून केलेले मुद्रण स्टुडिओसारखे येते. ‘स्टार्टअप आणि भारतीय अर्थव्यवस्था’ या विषयावरचे घणाघाती विवेचन डांबराच्या गोळ्यांच्या वासात झालेले आहे, हे श्रोत्यांना कळत नाही, एवढाच काय तो ध्वनिमाध्यमाचा फायदा.

नको असलेले आवाज नंतर काढताही येतात. ऑडॅसिटी या फुकट मिळणाऱ्या प्रणालीत त्याची सोय आहे. मुद्रणातला एक असा तुकडा निवडायचा जिथे कोणी बोलत नाही. त्यातला निव्वळ गोंगाट यंत्र लक्षात ठेवते आणि मग तेवढाच सगळीकडून वजा करते. अडचण अशी, की मराठी घरातल्या मुद्रणात कोणी बोलत नाही असा तुकडा सापडत नाही. आई फोनवर बोलत असतानाचा तुकडा निवडला, तर यंत्र आईलाच गोंगाट समजते आणि पाठोपाठ कलावंताच्या आवाजाचाही लचका तोडते. मग पॉडकास्टर पाण्याच्या टाकीत बसून बोलल्यासारखा ऐकू येतो.

मराठी भाषेचेही काही हट्ट आहेत. माइकला श्वासाचा झोत सोसत नाही, आणि मराठीत ख, घ, फ, भ यांची काही कमतरता नाही. ‘नमस्कार मंडळी’पर्यंत सगळे ठीक जाते. ‘भाग पहिला’ म्हटले की ‘भ’ बंदुकीच्या बारासारखा फुटतो. यासाठी माइकपुढे जाळी लावतात. ती बाजारात मिळते, पण खरा हौशी भरतकामाची गोल कडी आणि बायकोचा जुना पायमोजा यांतून ती घरीच करतो. काम झकास होते. पायमोजा जुना नव्हता, हे त्याला नंतर कळते.

यानंतर स्वतःचा आवाज ऐकण्याचा प्रसंग. आपण बोलतो तेव्हा आपला आवाज आपल्याला हवेतून तर ऐकू येतोच, पण कवटीच्या हाडांतूनही पोहोचतो, आणि हाडे त्याला खर्ज देतात. मुद्रित आवाजात हा हाडांचा हिस्सा नसतो. त्यामुळे आयुष्यभर स्वतःला आकाशवाणीचा वृत्तनिवेदक समजत आलेल्या गृहस्थांना कपाटातून एखादा अपरिचित, किंचित सर्दी झालेला मुलगा बोलताना ऐकू येतो. कित्येक मराठी पॉडकास्ट या टप्प्यावर संपले. जे टिकले त्यांनी संपादनात हात घातला. चाळीस मिनिटांच्या गप्पांतून ‘म्हणजे’, ‘बेसिकली’, ‘ॲक्च्युअली’ आणि ‘काय म्हणतात ते’ वेचून काढायला रात्र सरते, आणि ते सगळे काढल्यावर पाहुणा आपण काहीच बोललो नाही असे म्हणू लागतो.

पाहुण्यांचा क्रमही सांगून ठेवायला हवा. पहिला पाहुणा कॉलेजातला मित्र, दुसरा मेहुणा, तिसऱ्या भागात यजमान एकटाच ‘आज जरा वेगळे करू या’ म्हणतो. ‘अमुक तमुक’, ‘मित्रम्हणे’ यांसारख्या गाजलेल्या मराठी पॉडकास्टांनी लांबलचक, निवांत गप्पांची गोडी लोकांना लावली. हौशी माणूस त्यांच्याकडून प्रश्न विचारण्याची रीत उचलत नाही, खुर्च्या उचलतो. दोन खुर्च्या, मधे कुंडी, मागे पिवळा दिवा, आणि तोंडापुढे काळा ठोंब्या माइक, जो पुष्कळदा कशालाच जोडलेला नसतो. पॉडकास्ट कानांसाठी निघाला होता. डोळ्यांपुढे गेल्यापासून त्याचा निम्मा खर्च कुंडीवर होतो.

आता लोकप्रियतेच्या प्रदेशाकडे. हौशी कलावंताला इथे सगळ्यात जास्त आशा असते आणि त्याच्या प्रयत्नांचा इथे सगळ्यात कमी उपयोग होतो. काय गाजेल हे ठरवता येत नाही, याचे दोन दाखले मराठी माणसाला पाठ आहेत. २०१७ मध्ये सोनूला भरवशाबद्दल विचारणारे गाणे गल्लीबोळांत पोहोचले. त्याच चालीवर मुंबईतल्या रेडिओ निवेदक मलिष्का यांनी रस्त्यांवरच्या खड्ड्यांचे गाणे केले, आणि लवकरच त्यांच्या आईच्या घरी डासांच्या अळ्या सापडल्याची नोटीस महापालिकेने धाडली. त्यामुळे गाणे आणखी गाजले. प्रसिद्धीसाठी पालिकेची एवढी तत्पर सेवा त्याआधी कोणाला लाभली नव्हती. दुसरा दाखला जून २०२२ चा. सांगोल्याचे तेव्हाचे आमदार शहाजीबापू पाटील यांनी गुवाहाटीहून कार्यकर्त्याशी फोनवर बोलताना तिथली झाडी, डोंगार आणि हाटील यांचे जे वर्णन केले, ते थोड्याच दिवसांत गाण्यांत, टी-शर्टांवर आणि लग्नाच्या वरातीत पोहोचले. ना माइक, ना कुंडी, ना पिवळा दिवा. फोनवर कोणीतरी रेकॉर्डिंगचे बटण दाबले होते, तेवढेच.

हौशी मीमकार या लाटेवर स्वार व्हायला निघतो, पण उशिरा. विनोद सुचतो बुधवारी, चित्र सापडते शुक्रवारी, अक्षरे कुठे ठेवावीत यात शनिवार जातो, आणि फुकट ॲपने कोपऱ्यात स्वतःचे नाव छापलेले असते ते पुसण्यात रविवार. सोमवारी तो प्रसिद्ध करतो तेव्हा महाराष्ट्र दुसऱ्याच वाक्यावर हसत असतो. म्हणून शहाणे मीमकार ताज्या घटनेच्या नादी न लागता ‘अशी ही बनवाबनवी’कडे वळतात. १९८८ सालच्या या चित्रपटाने मराठी मीमसृष्टीला इतका कच्चा माल पुरवला आहे, की त्यातल्या सत्तर रुपयांचा उल्लेख आला तरी जन्मात तो चित्रपट न पाहिलेली पिढीही हसते. नाचणाऱ्या हौशींचे गणित मात्र वेगळे. टिकटॉकवर २९ जून २०२० रोजी बंदी आली तेव्हा शेताच्या बांधावर नाचणाऱ्या पुष्कळांचा मांडव एका रात्रीत उठला. जुलैत इन्स्टाग्रामचे रील्स आले आणि तीच मंडळी तोच नाच घेऊन तिकडे गेली. त्यात विशेष काही सांगण्यासारखे नाही.

पैशाचे काय, हा प्रश्न सासरेबुवा विचारतातच. २०१६ मध्ये सुरू झालेल्या भाडिपा या वाहिनीने मराठीत यूट्यूबवर पोट भरता येते असे दाखवून दिल्यापासून तर तो टाळताही येत नाही. यूट्यूबने २०१८ मध्ये घातलेली अट अशी: जाहिरातींचे पैसे हवे असतील तर एक हजार सदस्य आणि बारा महिन्यांत चार हजार तास पाहणे. हजार सदस्य सोसायटी, भावकी आणि दहावीची तुकडी मिळून जमतात. चार हजार तासांचे गणित मात्र मांडून पाहावे. दहा मिनिटांचा एक व्हिडिओ चोवीस हजार वेळा शेवटपर्यंत पाहिला गेला पाहिजे. म्हणजे लग्नाला पाचशे पाहुणे बोलावले, तर प्रत्येकाने तो अठ्ठेचाळीस वेळा पाहिल्याशिवाय जेवणाची पंगत बसवता येणार नाही.

ब्लॉगवाल्यांची कथा याहून करुण. गूगलच्या ॲडसेन्समध्ये मराठीला जागा मिळाली २०१८ मध्ये, म्हणजे बहुतेक मराठी ब्लॉग बंद पडल्यावर. तरीही काही चिवट मंडळींची कमाई दहा डॉलरपर्यंत पोहोचली. तेवढी झाली की पत्ता खरा आहे हे तपासायला गूगल टपालाने एक आकडा धाडते. परदेशी कंपनीचा लखोटा पोस्टमनच्या हातात पाहून घरात आधी आयकर खात्याचा संशय येतो, मग जावयाने परस्पर अमेरिकेला अर्ज केल्याचा. प्रत्यक्ष पैसे शंभर डॉलर झाल्याशिवाय हातात पडत नाहीत. दहा ते शंभर हे अंतर पार करताना कित्येकांच्या वडिलांनी त्यांच्यासाठी स्थळे पाहिली, लग्ने लावली आणि नातवंडांची नावे ठेवली.

हौस सरते तेव्हा माल कुठे जातो, हे शेवटी सांगायला हवे. माइक ओएलएक्सवर जातो, ‘फक्त दोनदा वापरलेला’ या खऱ्या वर्णनासह. खुर्च्या गच्चीत जातात. लेखन मात्र तिथेच राहते असा सर्वांचा समज आहे आणि तो चुकीचा आहे. गूगल रीडर २०१३ मध्ये बंद झाले, ऑर्कुट २०१४ मध्ये. भारतातल्या वाचकांना ब्लॉगस्पॉटचा जो ‘डॉट इन’ पत्ता दिसत असे, तो २०२० मध्ये गूगलच्याच हातून निसटला आणि त्या पत्त्यावरचे लाखो दुवे एका फटक्यात मेले. त्यात गडावरचे पाणीही होते आणि आजीच्या चमच्याचे मापही. दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती काढून टाकण्याचे धोरण गूगलने २०२३ मध्ये जाहीर केले आहे. तेव्हा ज्यांनी एके काळी ‘आता मात्र नियमित लिहीन’ असे लिहून दार ओढून घेतले, त्यांनी नवे काही लिहिले नाही तरी चालेल, पण जुना पासवर्ड शोधून एकदा आत जावे. ब्लॉगरच्या सेटिंग्जमध्ये ‘बॅक अप’ असे बटण आहे. त्यातून सगळे लेख एका फायलीत उतरवून घेता येतात. ती फाइल घरात आणखी कोणाला तरी देऊन ठेवावी, आणि पासवर्ड डायरीत लिहून ठेवावा.